खरवड

सोयरूमामा म्हणतो, अंगठ्याला अजून पांढरा रंग आहे.
आम्हाला दिसत नाही.
छत्तीस वर्षं झाली.

रिवणच्या चिरेखाणीतला माणूस,
ओला चिरा पिकासाने कापायचा
आणि वारा लागून घट्ट व्हायला उन्हात मांडायचा.
पुढे जुन्या गोव्यात खात्याच्या परांचीवर, रोजंदारीने.
एका दुपारी साहेबांनी खालून विचारलं,
विमानात बसशील?

कंबोडिया हा शब्द त्याला कधी जमला नाही.
तो म्हणतो, थंय.
थंय एक ख्मेर देऊळ होतं, आठशे वर्षांचं.
झाडाच्या मुळांत शिखर, शिखरात मुळं,
कोणी कोणाला धरलंय ते साहेबांनाही कळेना.
पायवाटेच्या दोन्ही कडांना लाल दोरी,
दोरीपलीकडे सुरुंग.
लघवीलासुद्धा दोरीच्या आतच.

काम सोपं. पडलेल्या दगडाला नंबर घालायचा.
पूर्व, दुसरा थर, सतरावा.
ज्याची जागा सापडत नाही त्याला फक्त फुली.
फुल्या खूप झाल्या, म्हणतो.
राजाचं नाव त्याला कोणी सांगितलं नाही.
आधी विष्णू होता, मग बुद्ध आले,
मग कोणीच नाही, मग वटवाघळं.
वटवाघळांची शी मात्र त्यानेच उपसली, गुडघाभर.

एका भिंतीचा वालुकाश्म सुटला
आणि आतून निघाला भोकाभोकांचा, तांबडा,
पावसात भिजलेल्या कुत्र्याच्या रंगाचा
जांभा.
मामाने तो दोन्ही हातांनी चाचपला.
"हो आमचोच फातर!"
मोठ्यानेच बोलला, कोकणीतून,
आणि टोपली घेऊन उभी असलेली सोफाल हसली.

तिने दगडाकडे बोट केलं, म्हणाली, बाय क्रीम.
मग हवेतच एक भांडं धरलं
आणि नखांनी त्याचा तळ खरवडून दाखवला.
करपून वाळलेला भात.
थंय दगडाला भाताचं नाव आहे.
मग तिने चार बोटं वर केली:
चार वर्षं,
आणि रिकामं भांडं उलटं धरलं.

एक गोष्ट तो दारू प्यायल्यावरच सांगतो.
एका अप्सरेच्या गालावर शेवाळ होतं.
औषध लावून घासा, असा वरून हुकूम.
शेवाळ गेलं,
हसण्यातलंही थोडं गेलं.
हुकूम त्यांचा, म्हणतो, पण हात?

आमच्या सातेरीच्या देवळाला कसले राजे!
जांभ्याचा चौथरा, मंगळुरी कौलं,
मधोमध रोयण, देवीच ती,
मातीची, मुंग्यांनी वाढवलेली.
समितीने ठरवलं: स्लॅब, टाईल्स, स्टीलचं रेलिंग.
खजिनदार मी. कोटेशनवर सही माझी.
सभेत मामा उठला, एवढंच विचारलं:
"नंबर घातले?"
लोक हसले. मीही.

सकाळी जेसीबी आला तेव्हा
चौथऱ्याच्या एकूण एक चिऱ्यावर आकडा होता.
मामा पायरीवर बसून
रॉकेलने बोटं पुसत होता.
पायरीलाही नंबर होता.
थांबलं काहीच नाही.
चिरे मागे फणसाखाली टाकले, उलटेसुलटे,
तिथे तीन पावसाळे झाले त्यांना.
परवा म्हटलं, मामा, घासून ठेवू का जरा?
तो दचकलाच.
"शेवाळ असू दे. नंबर खाली आहेत."

टाईल्सवाल्याने रोयणीभोवती
मशीनने गोल कापून दिला होता, सुरेख,
मिलीमीटरचाही फरक नाही.
यंदा रोयण त्या गोलाबाहेर आली, चार बोटं,
आणि पूर्वेकडची टाईल तडकली.
अध्यक्ष म्हणाले, दुरुस्तीचं बघा.

मी बघायला गेलो तर मामा गुडघे टेकून,
डब्यात बुडवलेली काडी हातात,
टाईलच्या मोठ्या तुकड्यावर लिहीत होता:
पूर्व, पहिला थर, एक.

मी कोटेशन मागवलेलं नाही अजून.